दादा, तू तो खटला सोडायला हवा होतास

दादा, तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी इंदूरच्या वकीलमंडळींनी सभा घेतली. तुला सभा आवडायच्या नाहीत, पण आता तुझं ऐकतो कोण. एकेक जण उठून बोलत होता. कुणी म्हणालं, इतका निःपक्षपाती न्यायाधीश आता दिसायचा नाही. कुणी म्हणालं, साहेबांनी कधी कुणाच्या घरचा चहा घेतला नाही. मग पांढऱ्या मिशांचे एक वकील उठले आणि त्यांनी बुऱ्हाणपूरची गोष्ट सांगितली. सख्खी बहीण त्याच गावात राहत होती, तरी साहेब तिच्या घरी जेवायला जात नसत, तिनं पाठवलेला डबा परत करत. लोकांनी माना डोलावल्या. वहिनींनी शेजारच्या बाईंना हळूच सांगितलं, हीच ती बहीण. सगळ्या बायका माझ्याकडे कौतुकानं पाहायला लागल्या आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

गेले नाही. चारचौघांत तमाशा करायचा नाही हे तूच शिकवलंस. पण आता मी माझ्या घरी आहे, हे त्यांच्या शाळेत शिकवायला गेलेत, मी रजेवर आहे, दार लोटलेलं आहे आणि मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, दादा. सिंधूच्या मुलीवरून झालेलं. चार वर्षांची पोर तू आईकडून काढून बापाच्या घरी दिलीस. का दिलीस, ते तू मला कधी सरळ सांगितलं नाहीस आणि मीही पुरतं कधी विचारलं नाही. आता तू मध्येच उठून फिरायला जाऊ शकत नाहीस, तेव्हा बस आणि ऐक.

आधी तुझे उपकार सांगते, नाहीतर म्हणशील मालू कृतघ्न आहे. सातवी झाल्यावर अप्पांनी माझी शाळा बंद करायचं ठरवलं होतं. तू नागपूरला वकिली शिकत होतास. सुट्टीला आलास आणि अप्पांशी अंगणात बसून दुपारभर वाद घातलास. आई आतून मला म्हणाली, तुझा भाऊ कोर्ट आजच भरवून बसला. जिंकलास तूच. मॅट्रिकच्या परीक्षेला सायकलवर पुढं बसवून मला केंद्रावर न्यायचास, आणि पेपर सुटेपर्यंत लिंबाखाली पुस्तक उघडून बसायचास. माझं लग्न ठरताना यांच्या घरच्यांना तू तोंडावर सांगितलंस, आमची मालू शिकवायला जाईल, चालत असेल तर पुढं बोला. ते त्यांना चाललं, म्हणून आज मी बुऱ्हाणपुरात मुलींच्या शाळेत शिकवते. माझ्या हातातला खडू तुझा आहे, हे मी कुणालाही सांगते. त्या सभेत सांगायला लागले असते तर रडले असते.

मग नवीन राज्य झालं. नागपूर आपल्या हातचं गेलं, ते मुंबईकडं गेलं, आणि आपण इकडं मध्य प्रदेशात राहिलो. तुझे बरेच सोबती तिकडं निघून गेले. तू राहिलास. म्हणालास, नोकरी राज्याची आहे, भाषेची नाही. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. पण ग्वाल्हेर, रीवा, भोपाळ, सगळीकडची माणसं एका खात्यात आली आणि पंगतीत कोण कुणाच्या वर बसणार याचा घोळ सुरू झाला. ‘ते नागपूरवाले’ असं तुम्हाला मागून म्हणत. त्या दिवसांपासून तू बदललास, दादा. घरचा शिपाई मराठी, तू मराठी, आणि तुम्ही दोघं एकमेकांशी हिंदीत बोलायचात. मी हसले तर म्हणालास, सवय असलेली बरी.

तुझी बदली बुऱ्हाणपूरला झाली तेव्हा मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. नातेवाइकांच्या गावी न्यायाधीशाला सहसा पाठवत नाहीत, पण त्या गोंधळात कोण कुठं जातंय ते पाहायला कुणाला सवड होती. वहिनी मुलांच्या शाळेसाठी आधीच्या नेमणुकीच्या गावी, खंडव्यालाच राहिल्या. मी म्हटलं, चला, दादा आता रोज माझ्याकडं जेवेल. आमच्या इतवारा पेठेतल्या बायकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. पहिल्या संध्याकाळी तू आलास, दारातच उभा राहिलास.

“मालू, मी इथं आहे तोवर मला तुझ्या घरचा समजू नकोस.”

“बस तर ना आधी. भरीत केलंय, पुऱ्या तळायच्याच बाकी आहेत.”

“नको. सवय नको लागायला.”

पुऱ्या मी शेजारी वाटून टाकल्या. पुढं दोनदा डबा पाठवला, दोन्ही वेळा शिपाई तो तसाच घेऊन परत आला, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. कुणी बंगल्यावर केळ्यांचा घड पाठवला तर तू तो परत करायचास आणि बाजारातून विकत आणवायचास. केळ्यांच्या गावात केळी विकत घेऊन खाणारा तू एकटाच असशील. गावात तुझं नाव झालं. दुकानदार मला म्हणत, बाई, आपके भाई साहब तो एकदम कडक आहेत. मी वर मान करून चालायची. मला त्या वेळी त्यात काही वावगं दिसलं नाही.

सिंधू माझ्याबरोबर शाळेत होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, गावातल्याच लोधीपुऱ्यातली, मराठी शिकवायची. लग्न जवळच्या तुकईथड खेड्यातल्या मोठ्या शेतकरी घरात झालं होतं. केळी, कापूस, बैलजोड्या, कशाला कमी नाही. नवरा भास्कर. तो राक्षस नव्हता. रागीट होता आणि आईच्या शब्दाबाहेर नव्हता, आणि राग आला की हात उचलायचा. सिंधूनं काही वर्षं काढली आणि एका दिवशी कमलला कडेवर घेऊन माहेरी निघून आली. वडील नव्हते, नुसती म्हातारी आई. तिनं शाळेत नोकरी धरली. आम्ही दोघी मधल्या सुट्टीत एकत्र डबा खायचो. कमलला कधी कधी ती शाळेत आणायची, पोर कोपऱ्यात पाटी घेऊन बसायची.

मग भास्करनं मुलीसाठी अर्ज केला आणि तो तुझ्यासमोर आला.

मी काय केलं ते तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते. त्या दिवशी मी सिंधूला म्हटलं, “हे बघ, आता यापुढं तुझ्या केसचं मला एक अक्षर सांगू नको. साहेब माझा भाऊ आहे. मी ऐकलं तर चुकून बोलून जाईन.” ती म्हणाली, “बरोबर आहे, ताई.” आणि खरंच तिनं काही सांगितलं नाही. आम्ही त्याच डब्यातून खात होतो आणि कवितांच्या अर्थावर बोलत होतो. तिचे डोळे सुजलेले दिसायचे आणि मी विचारायची नाही. मी कचेरीच्या रस्त्यानंसुद्धा जायची नाही, बाजाराला वळसा घालून जायची. मला वाटायचं, दादा त्याचं काम करतोय, आपण आपलं करू. शिवाय नवा कायदा झाला तेव्हा तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस, पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडंच राहील असं त्यात लिहिलंय. तेव्हा मला काळजी नव्हती. कमल चारच वर्षांची होती.

पण तो खटला तुझ्यासमोर यायलाच नको होता. ते तुलाही कळलं होतं. नंतर सिंधूच्या वकिलांनी सगळं सांगितलं. पहिल्याच तारखेला भास्करचे वकील उठले आणि हात जोडून म्हणाले, हुजूर, सामनेवाली बाई आपल्या भगिनींच्या शाळेत शिकवते हे आम्हाला ठाऊक आहे. तरी आमची काही हरकत नाही. आमचा हुजुरांवर पूर्ण भरवसा आहे.

किती हुशार माणूस. त्यानं हरकत घेतली असती तर तू कागद खंडव्याच्या जिल्हा कोर्टाला पाठवून मोकळा झाला असतास. त्यानं भरवसा ठेवला आणि तू अडकलास. भरवसा ठेवणाऱ्याला निराश कसं करायचं? आणि खटला सोडावा तर लोक म्हणणार, बहिणीमुळं साहेब डळमळला. तू कागद जवळ ठेवलेस. म्हणाला असशील मनात, मी न्यायाधीश आहे, मी कुणाचा भाऊ नाही. दादा, हे म्हणावं लागलं तिथंच कळायला हवं होतं.

खटला चालू असताना दिवाळी आली. भाऊबीजेला तू येशील की नाही मला धाकधूक होती. आलास. मी पाट मांडला, रांगोळी काढली, तू बसलास, टोपी घातलीस. मी निरांजन उचललं तर तू म्हणालास,

“मालू, एक सांगतो. ताटात जे घालीन ते घे. आज तोंडानं काही मागू नकोस.”

मला आधी वाटलं, थट्टा करतोस. लहानपणी मी भाऊबीजेला काय काय मागायची, एकदा तुझी सायकलच मागितली होती. मी हसून म्हटलं, “का रे, कंजूस झालास की काय?” तू हसला नाहीस. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाऊबीजेला बहिणीनं मागितलेलं भावाला नाही म्हणता येत नाही, आणि तुला भीती होती की मी सिंधूची मुलगी मागेन. मी तुला ओवाळलं. तू चोळीचा खण ठेवलास, दोन घास खाल्लेस आणि गेलास.

मी त्या दिवशी वहिनींना मुलांसह संक्रांतीला पाठव, एवढंच मागणार होते.

मी खूप रडले, दादा. हे म्हणाले, भाऊ आहे, कामाचं दडपण असेल. पण मला दुसरंच टोचत होतं. इतकी वर्षं मी तुझी बहीण होते आणि त्या दिवशी तुझ्या नजरेत मी नुसता वशिला झाले होते. मी न बोललेलं तू ऐकलंस. आणि एकदा ऐकल्यावर त्याला नकार देणं तुला भाग होतं. तुझा निकाल त्या पाटावरच ठरला, असं मला आजही वाटतं. तू म्हणशील, मालू, पुरावा काय. पुरावा नाही. बहिणीला लागतही नाही.

निकाल लागला त्या दिवशी सिंधू शाळेत आली नाही. मी लोधीपुऱ्यात तिच्या घरी गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, आणि आता तिनं सगळं सांगितलं.

“ताई, मी मराठीत बोलायला लागले तर साहेब म्हणे, हिंदी में कहिए. मी मराठीची बाई. मला हिंदी बाजारापुरती येते. मी जमलं तसं बोलले, पण जे म्हणायचं होतं ते तोंडातच राहून गेलं. आणि माझी सासू उठली तर ती आपल्या गावाच्या बोलीत बोलली, पोर आमच्या घरची हाय साहेब, दूधदुभतं हाय, खेळायला चार लेकरं हायेत. तिला नाही म्हटलं त्यांनी की हिंदीत बोल. पुढं वाकून ऐकलं.”

“म्हातारी आहे म्हणून असेल,” मी म्हटलं. तुझी बाजू घेत होते, बघ. सवय जात नाही.

“असेल. त्यांच्याकडं केळीची कापणी आली तर त्यांना तारीख भेटली. माझे वकील तापानं पडले तर म्हणे, अदालत रुकेगी नहीं. ते पण असू द्या, ताई. कमलचं ऐका.”

कमलचं मी ऐकलं आणि ते मला पुरतं समजलं, कारण मी तुझ्याच घरात वाढलेय. वकिलांनी सिंधूला बजावलं होतं, मुलीला जवळ ओढू नको, समोरचे म्हणतील पढवून आणलीय. म्हणून ती पोरीपासून चार हात दूर उभी राहिली, मान खाली घालून. तू कमलला पुढं बोलावलंस आणि विचारलंस, किसके पास रहोगी? पोर जमिनीकडं पाहत राहिली. मोठी माणसं विचारतात तेव्हा उलट उत्तर द्यायचं नाही, हे आपल्याकडं मुलींना बोलता येण्याआधी शिकवतात. मग सिंधूच्या सासूनं हात पुढं केला आणि म्हटलं, ये माय. पोर गेली. आजीनं बोलावलं की जायचं, हेही सिंधूनंच तिला शिकवलं होतं. सासर सोडून आलेल्या बाईनं मुलीला आजीचा मान ठेवायला शिकवलं होतं, दादा. आणि तू निकालात लिहिलंस की मूल आपण होऊन आजीकडं गेलं, आईकडं त्याची विशेष ओढ दिसली नाही.

तुला हे ठाऊक नव्हतं असं म्हणू नकोस. ग्वाल्हेरच्या न्यायाधीशाला ठाऊक नसतं तर मी सोडून दिलं असतं. लहानपणी आपल्या कमळाआत्याच्या मांडीवर बसायला मी किती भ्यायची, तरी तिनं हाक मारली की जायची. तू मागून माझ्या पाठीत बोट खुपसायचास, जा जा म्हणून. आपण होऊन गेले होते मी?

आणि निकालात आणखी एक वाक्य होतं. आई नोकरीनिमित्त दिवसभर घराबाहेर असते, मूल आईकडच्या वृद्ध आजीवर सोपवलेलं असतं. ते वाक्य ऐकून मला लिंबाखाली बसलेला माझा भाऊ आठवला. ज्यानं माझ्या नोकरीसाठी बापाशी वाद घातला, त्यानं दुसऱ्या एका बाईची नोकरी तिच्याविरुद्ध लिहिली.

मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा आणि शेवटचं तुझ्या बंगल्यावर आले. तू ओसरीवर बसला होतास. माझं तोंड पाहूनच तुला कळलं.

“इथं या विषयावर बोलायचं नाही, मालू.”

“आता निकाल झालाय. आता काय बिघडतं? कागद खंडव्याला का नाही पाठवलेस?”

“दोन्ही पक्षांची हरकत नव्हती.”

“तुझी होती ना.”

तू पायानं चपला जवळ ओढल्यास. मग म्हणालास, “उद्या मी तिच्या बाजूनं दिला असता तर सगळं गाव म्हणालं असतं, बहिणीनं करून घेतलं.”

“म्हणालं असतं. दोन महिने म्हणालं असतं, आणि मी सोसलं असतं, तू सोसलं असतंस. त्यांचं तोंड गप्प ठेवायला तू त्या पोरीला पाठवलंस.”

“मी पुराव्यावर दिलाय.”

“कायद्यात काय लिहिलंय ते तूच सांगितलं होतंस मला.”

“‘सामान्यतः’ असं लिहिलंय,” तू म्हणालास. “सामान्यतः.”

आणि उठून फिरायला गेलास. मी तिथं ओसरीवर तुझ्या शिपायासमोर उभी राहिले. तो बिचारा म्हणाला, पाणी घेता का बाई. हिंदीत नाही, मराठीत म्हणाला.

सिंधूनं अपील केलं नाही. हायकोर्ट पूर्वीसारखं नागपूरला असतं तर तिची मावशी होती, तिथं राहून धावपळ केली असती. आता ते जबलपुरात, तिथं कोण होतं? म्हातारी आई म्हणाली, जाऊ दे, पोर सणावारी भेटेल म्हणून साहेबांनी लिहिलंय ना. भेटायची सुरुवातीला. मग कधी कापणी असायची, कधी लग्न असायचं, कधी पोरीला ताप असायचा.

तुझी बदली झाली. तू गेल्यावर आपण बोललो, सणाला पत्रं आली, माझ्या मोठ्याच्या मुंजीला तू आलास आणि चांगला दोन दिवस राहिलास, वांग्याचं भरीत मागून घेतलंस. मी ते वाढलं आणि मनात म्हटलं, आता खातोस होय. पण त्या विषयावर तू एक शब्द काढला नाहीस आणि मीही नाही. आपल्या घरात भांडण मिटवायची हीच पद्धत. जेवण वाढायचं आणि विषय काढायचा नाही. त्यामुळं काही मिटत नाही, हे मला आता कळतंय.

मला तुझ्यावर राग आहे, दादा, आणि तू नाहीस म्हणून घर रिकामं वाटतंय. दोन्ही एकाच वेळी असतं. तुझ्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही. तू त्या खटल्यात कुणाची एक सुपारीसुद्धा घेतली नसशील, याबद्दल मी कुणाशीही पैज लावीन. लाच घेतली असतीस तर तुला निदान कळलं असतं की आपण चुकतोय. तू इतका जपून चाललास की ज्या बाजूला जायचं नव्हतं तिच्या उलट बाजूला कलंडलास, आणि तुला वाटलं आपण ताठ आहोत. सभेतले लोकही तेच म्हणत होते. मीही त्या वेळी तुझ्या कडकपणावर मिरवत होते, म्हणून तुझ्यावरच सगळा दोष टाकायला जीभ रेटत नाही.

इंदूरच्या दवाखान्यात मी आले तेव्हा तुला बोलायला धाप लागत होती. वहिनी मोसंबीचा रस काढायला बाहेर गेल्या. तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं झोपलास. मग तसाच डोळे मिटून तू म्हणालास,

“मालू, ती तुकईथडची मुलगी कशी आहे?”

इतक्या वर्षांत तू कधी विचारलं नव्हतंस. मला दिसलं की हा प्रश्न तुझ्या घशात किती दिवस असेल. त्या क्षणी मी तुला काहीही सांगू शकले असते. तुझा हात गादीवर होता, नुसती हाडं राहिली होती.

“चांगली आहे,” मी म्हटलं. “शाळेत जाते.”

“हं,” तू म्हणालास. काहीतरी पुढं म्हणणार होतास, ओठ हलले, तेवढ्यात वहिनी रस घेऊन आल्या आणि तू घोट घ्यायला लागलास. दुसऱ्या दिवशी तू कुणाला ओळखत नव्हतास.

काय म्हणणार होतास? ‘चुकलो’ म्हणणार होतास की ‘बघ, मी म्हटलं नव्हतं का’ म्हणणार होतास? हे मला आता कधी कळायचं नाही आणि तेच मला झोपू देत नाही. चुकलो म्हणाला असतास तर मी तुला लगेच माफ केलं असतं. माझ्या माफीला काय किंमत, पण केलं असतं.

मी तुला खोटं सांगितलं नाही. पण पुरतं सांगितलं नाही. मलाच तेव्हा पुरतं ठाऊक नव्हतं. काल सिंधू आली होती, भेटायला. तू गेल्याचं तिला कुणीतरी सांगितलं. रविवार होता, सकाळच्या मोटारीनं आली, केसात बराच पांढरेपणा आलाय. माझ्याजवळ जमिनीवर बसली, रीतीप्रमाणं. म्हणाली, “साहेब गेले म्हणे, ताई. वाईट झालं.” आणि तिच्या आवाजात खोटेपणा नव्हता. मला तिच्याकडं पाहवेना.

आई वारल्यावर तिनं आमची शाळा सोडली होती, एवढं मला ठाऊक होतं. खटपट करून तिनं तुकईथडच्याच प्राथमिक शाळेत जागा मिळवली, हे ती काल सांगायला लागली तेव्हा कळलं. शहरातली चांगली नोकरी सोडून ती तिथं एका खोलीत राहते. भास्करनं दुसरा घरोबा केला. सासूनं आधी आरडाओरडा केला, मग गप्प झाली. शाळा सरकारची, मास्तरीण सरकारची, कोण अडवणार. कमल आता चौथीत आहे. हुशार आहे म्हणाली, अक्षर चांगलं आहे.

“म्हणजे रोज बघतेस तिला,” मी म्हटलं. मला खरंच बरं वाटलं.

“रोज. रविवार सोडून.”

“तिला माहीत आहे ना, तू कोण ते?”

“साऱ्या गावाला माहीत आहे, ताई. तिला नाही माहीत होणार?”

“मग काय म्हणते तुला?”

सिंधूनं पेल्यातलं पाणी संपवलं. पेला पालथा ठेवला.

“वर्गात बाई म्हणते. सगळीच म्हणतात.”

“आणि बाहेर?”

“बाहेर काही म्हणत नाही,” ती म्हणाली. “रस्त्यात मी दिसले की बाजूला होऊन उभी राहते, मी जाईपर्यंत. चांगल्या वळणाची आहे.”

दादा, तू विचारलं होतंस ती मुलगी कशी आहे. चांगली आहे. शाळेत जाते. आई रस्त्यानं आली की बाजूला होऊन उभी राहते.